गर्दीच्या थीम पार्कात व्हीलचेअर आणि मोबिलिटी स्कूटर : पुण्यातून निघण्यापासून घरी परत येईपर्यंत

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की घरातली पोरं खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्काचा धोशा लावतात. मग ठरलेला संवाद होतो. आजी म्हणते, "तुम्ही जा रे, मी घर सांभाळते." फारच आग्रह झाला तर ती येते, दोन तास कशीबशी चालते आणि उरलेला दिवस बाकावर बसून सगळ्यांच्या चपला-पिशव्या सांभाळते. व्हीलचेअरचं नाव काढलं की, "अजून चालता येतंय की मला!"

चालता येतं हे खरंच आहे. पण घरातून मंडईपर्यंत चालणं वेगळं आणि उन्हात, रांगेत उभं राहत, चढ-उतारांवरून दिवसभर पायपीट करणं वेगळं. ज्यांना घरात काठीही लागत नाही अशा कितीतरी माणसांना पार्कात खुर्ची लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः पोलिओमुळे बॅटरीच्या खुर्चीवर असतो, माझी मावशी गुडघ्यांमुळे अशा सहलीपुरती स्कूटर भाड्याने घेते, आणि आमच्यासोबत धडधाकट भाचरं असतात. त्या अनुभवावरून हा लेख. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: कुठे जायचं, कधी थांबायचं, कोणती राइड सोडायची हे खुर्चीत बसणाऱ्याने ठरवायचं. ढकलणाऱ्याने ठरवलं की सहल ढकलणाऱ्याची होते.

पहिली पायरी : कोणतं वाहन?

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे 'अपंगांची स्कूटर' म्हटलं की मागे दोन जादा चाकं लावलेली अ‍ॅक्टिव्हा डोळ्यांसमोर येते. ती रस्त्यावरची गाडी, ती पार्किंगमध्येच राहणार. मोबिलिटी स्कूटर म्हणजे बॅटरीवर चालणारी, तीन किंवा चार चाकांची, माणसाच्या चालीने पळणारी खुर्ची, जिला हँडल असतं.

साधी घडीची व्हीलचेअर पंधरा ते वीस किलोची असते, कोणत्याही डिकीत मावते, बिघडण्यासारखं तिच्यात फार काही नसतं. तोटा एकच: ढकलायला माणूस लागतो आणि तो दुपारी तीननंतर दमतो. पार्क सपाट दिसलं तरी सपाट नसतं. सत्तर किलोचं माणूस चढावर ढकलताना तरणाताठा भाचाही 'जरा थांबू या का' म्हणायला लागतो. ढकलणारे किमान दोन हवेत आणि त्यांच्या पाळ्या निघायच्या आधीच ठरवा.

मोबिलिटी स्कूटर कोणासाठी? ज्यांना बसून तोल सांभाळता येतो, दोन्ही हात चालतात, चार पावलं चालून राइडच्या सीटपर्यंत जाता येतं त्यांच्यासाठी. गुडघे, कंबर, दमा, हृदयाचा त्रास असलेल्यांना ती फार सोयीची. पाठीच्या कण्याची दुखापत असलेल्याला, किंवा हात थरथरतो त्याला मात्र स्कूटर नको. तिची सीट धड आधार देत नाही. अशांनी आपली रोजचीच खुर्ची न्यावी, मग ती कितीही जड असो. नव्या खुर्चीत दिवसभर बसण्याचा प्रयोग सहलीच्या दिवशी करू नये.

तीन चाकी की चार चाकी? तीन चाकी कमी जागेत वळते, रांगेच्या कठड्यांमधून निघते. पण वेगात वळली किंवा एक चाक फुटपाथच्या कडेवर चढलं तर कलंडायला वेळ लागत नाही. वजनदार माणसाने चार चाकीच घ्यावी.

हाताने चालवायच्या खुर्चीला पुढे मोटर जोडायचीही सोय आता आहे. मद्रास आयआयटीत तयार झालेलं निओबोल्ट हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण. रस्त्यावर ते झकास, पण ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंत पळणारं यंत्र पोराबाळांच्या गर्दीत आत घेतील की नाही हे पार्कवाल्यांना आधी विचारावं लागेल. आणि आत घेतलं तरी रांगेत त्याचं पुढचं चाक लांबीला अडचण करतं, म्हणून मी तिथे मोटर काढून नुसती खुर्चीच वापरा असं सांगेन.

विकत घ्यायची घाई नको. पुण्यात मोठ्या इस्पितळांच्या आसपास सर्जिकलची दुकानं खुर्च्या भाड्याने देतात, आणि बऱ्याच सामाजिक संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं अनामत घेऊन साधी व्हीलचेअर नाममात्र भाड्यात देतात. स्कूटर मिळायला जरा शोधावं लागतं. घेताना दुकानातच बसून चालवून बघा. दोन्ही ब्रेक लागतात का, पाय ठेवायच्या पट्ट्या तुमच्या उंचीला बसवता येतात का, कमरेचा पट्टा आहे का, चार्जर त्याच स्कूटरचा दिलाय का. चार्जर अदलाबदल झालेला घरी आल्यावरच कळतो आणि तोवर दुकान बंद झालेलं असतं.

दुसरी पायरी : टेप घेऊन गाडीची डिकी मोजा

हे वाचून हसू येईल, पण पुण्यातल्या निम्म्या बेतांची गाडी इथेच अडते. कारण सीएनजी. आपल्याकडच्या बहुतेक कॅब आणि बऱ्याच घरच्या गाड्या सीएनजीच्या, आणि डिकीत सिलिंडर. घडीची खुर्चीसुद्धा उभी-आडवी करून बसत नाही, स्कूटर तर सोडाच. कॅब ठरवताना 'मोठी गाडी पाठवा' एवढं पुरत नाही, "डिकीत सिलिंडर आहे का? वर कॅरियर आहे का?" हे विचारा. शक्य असेल तर पेट्रोल-डिझेलची सात सीटर घ्या आणि मागची रांग पाडा.

सहलीसाठी बनवलेल्या स्कूटरचे चार-पाच भाग सुटे होतात: सीट, बॅटरीचा डबा, टोपली, पुढचा भाग, मागचा मोटरचा भाग. मोटरचा भाग सगळ्यांत जड. तो उचलणारा माणूस कोण हे आदल्या दिवशी ठरवा आणि घरच्या पार्किंगमध्ये एकदा जोडून-सोडून बघा. खुर्ची गाडीत चढवताना हातांच्या पट्ट्या आणि पायांच्या पट्ट्या धरून उचलू नका. त्या निघण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि नेमक्या हातात येतात. धरायची ती चौकट.

तिसरी पायरी : फोन, पण नेमका

पार्कच्या फोनवर 'तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का?' विचारलं की उत्तर येतं, "हो सर, सगळं अ‍ॅक्सेसिबल आहे." या उत्तरावर निघायचं नाही. नेमके प्रश्न विचारायचे.

"तिकीट खिडकीपासून आतपर्यंत पायऱ्या किती?" उत्तर बहुधा, "नाहीत. म्हणजे दोनच आहेत, आमची मुलं उचलतील ना." आता हिशेब बघा. दोन पायऱ्या म्हणजे साधारण एक फूट उंची. उताराचं मान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प हवा. तिथे तीन फुटांची फळी टाकलेली असेल तर ती घसरगुंडी झाली. आणि माणसासकट बॅटरीची खुर्ची उचलणं हे कुणाचंही काम नाही, दीडशे किलोच्या घरात वजन जातं. तेव्हा पुढचा प्रश्न: "सामानाची किंवा सर्व्हिसची गाडी आत कुठून येते?" त्या दारातून उतार असतोच, आणि बहुतेकदा तीच आपली वाट.

मग संडासाचं विचारा. दाराची रुंदी किती, आत कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, आणि किल्ली कोणाकडे असते? अठरा इंच सीटच्या साध्या खुर्चीला बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच जागा लागते, दार त्याहून रुंद हवं. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर नव्वद सेंटिमीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. किल्लीचा प्रश्न विचित्र वाटेल. पण अपंगांसाठीचं स्वच्छतागृह म्हणजे बादल्या, फडके आणि फिनाइलचे कॅन ठेवायची खोली, असा समज बऱ्याच ठिकाणी आहे. आत शिरल्याबरोबर, गरज नसताना, ते उघडून घ्या आणि रिकामं करून घ्या.

शेवटचा प्रश्न राइडचा: "खुर्चीवरून उठून बसता येत नसेल तर कोणत्या राइड जमतील, आणि तुमचे कर्मचारी उचलून बसवतात का?" बहुतेक पार्कांत कर्मचारी उचलत नाहीत, ते काम सोबतच्या माणसांचं. स्वतःच्या खुर्च्या ते देतात का, आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते का, तेही विचारून घ्या. पार्काच्या खुर्च्या मोजक्या असतात आणि पहिल्या तासात संपतात. फोनवर बोललेल्या माणसाचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, गेटवर 'आम्हाला असं काही सांगितलेलं नाही' ऐकलं की ती चिठ्ठी कामाला येते.

चौथी पायरी : दिवस कोणता

शनिवार-रविवार, नाताळ ते एक जानेवारी, दिवाळीचा आठवडा हे टाळायचं सगळ्यांनाच कळतं. फसवणारा काळ म्हणजे डिसेंबर-जानेवारीतले आडवार. तेव्हा शाळांच्या सहली असतात. एका रंगाच्या टोप्या घातलेली शंभर पोरं एकाच वेळी एका दिशेने धावत येताना खुर्चीतून बघणं हा वेगळाच अनुभव आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस गर्दीच्या दृष्टीने उत्तम, फक्त तेव्हा ऊन चढायला लागलेलं असतं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरचे आठवडे मोकळे असतात, पण खोपोलीचा पाऊस म्हणजे पाऊस, आणि बॅटरीच्या वाहनाला तो चालत नाही.

पाचवी पायरी : कात्रजला रंगीत तालीम

नवी किंवा भाड्याची खुर्ची घेऊन थेट मोठ्या पार्कात जाऊ नका. आधी अर्धा दिवस कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जा. १३० एकरांचा हा परिसर, त्यातला ४२ एकर तलाव. अंतर, चढ-उतार आणि सुट्टीची गर्दी असं सगळं तिथे थीम पार्कासारखंच आहे, आणि बिघडलंच तर घर रिक्षाच्या अंतरावर. आत बॅटरीच्या गाड्याही फिरतात. बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. जवळच आंबेगावला शिवसृष्टी हे शिवचरित्रावरचं थीम पार्क आहे. २०२३ च्या शिवजयंतीला तिचा पहिला टप्पा, सरकारवाडा, खुला झाला. तिथे अंधाऱ्या दालनातून दुसऱ्या दालनात गर्दीबरोबर सरकण्याचा सराव होतो, पण आधी फोन करूनच जा.

तालमीत तीन गोष्टी पक्क्या करायच्या.

एक, चढ आणि उतार. ढकलायची खुर्ची चढावर तोंड पुढे करून न्यायची, तीव्र उतारावर मात्र उलटी, म्हणजे ढकलणारा खाली आणि पाठ उताराकडे. पुढे तोंड करून उतरलात तर बसलेला माणूस घसरतो आणि ढकलणाऱ्याचे हात भरून येतात. फुटपाथची कड चढताना मागच्या खालच्या दांड्यावर पाय दाबून पुढची छोटी चाकं उचलायची, उतरताना मोठी चाकं आधी, पाठमोरं. स्कूटर चढावर सरळ रेषेत घालायची, तिरकी कधीच नाही, आणि बसणाऱ्याने किंचित पुढे झुकायचं.

दोन, जाळ्या. पावसाच्या पाण्याच्या गटारांवरच्या लोखंडी जाळ्या हा खुर्चीवाल्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू. छोटं चाक जाळीच्या फटीत उभं गेलं की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो. जाळीच्या पट्ट्या ज्या दिशेने असतील तिला आडवं जायचं. ते शक्य नसेल तर खुर्ची वळवून उलटी न्यायची. मोठं चाक फटीत जात नाही, आणि छोटी चाकं जाळीवर आली की ढकलणाऱ्याने ती उचलून धरायची. आणि पट्टा बांधायचा. पट्टा म्हणजे अपमान, असं मावशीलाही वाटायचं. कात्रजच्या एका जाळीने तिचं मत बदललं.

तीन, मोटरचा खटका. बॅटरीच्या खुर्चीला आणि स्कूटरला मागे एक छोटी तरफ असते. ती सोडली की मोटर चाकांपासून सुटते आणि वाहन हाताने ढकलता येतं. बॅटरी संपली की हाच उपाय. पण या वाहनांचा ब्रेक मोटरमध्येच असतो. म्हणजे खटका सोडला की ब्रेकही गेला. माणूस बसलेला असताना उतारावर खटका सोडणं म्हणजे आपण होऊन आफत ओढवून घेणं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो कुठे आहे, कोणती बाजू 'चालू' आणि कोणती 'सुटी', हे हाताने करायला लावा. लहान पोरांना दाखवू नका.

बॅटरीचा हिशेब

खोक्यावर लिहिलेलं अंतर सपाट, गुळगुळीत रस्त्यावरचं, मध्यम वजनाच्या माणसाचं आणि नव्या बॅटरीचं असतं. पार्कात सतत थांबणं-निघणं, चढ आणि पाठीमागे लटकवलेल्या पिशव्या. निम्मंच अंतर धरा. भाड्याच्या, वापरलेल्या शिशाच्या बॅटरीचं तर निम्म्याहूनही कमी. ती फसवतेही: सपाटीवर काटा हिरवा दाखवतो, चढावर लोड आला की एकदम तांबड्यात जातो. चढावर काटा दोन घरं खाली आला की समजायचं, परतीची वेळ झाली.

रात्रभर पूर्ण चार्ज करा. सहा-आठ तास लागतात, तेव्हा झोपायच्या आधी लावा आणि एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण चालू आहे ना ते बघा. चार्जर बरोबर घ्या. जेवायला तासभर बसाल तेव्हा प्लगजवळचं टेबल मागा. तेवढ्याने बॅटरी भरत नाही, पण गेटपर्यंत पोचण्याची बेगमी होते. पावसाचा रंग दिसला तर जॉयस्टिकवर किंवा स्कूटरच्या पॅनेलवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधा.

सहावी पायरी : जाण्याचा दिवस

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, खोपोली-पाली रस्त्यावर. पुण्याहून एक्स्प्रेसवेने घाट उतरून जावं लागतं. घाटात सुट्टीच्या दिवशी गाड्या तुंबल्या की तासन्‌तास लघवीला उतरता येत नाही, म्हणून घाट लागायच्या आधी फूड मॉलवर थांबाच, गरज वाटत नसली तरी. आणि पाणी पिणं तोडू नका. संडासाची पंचाईत नको म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहणारी माणसं मी बघितली आहेत, बायका तर सर्रास. उन्हात त्याचा परिणाम चक्कर येण्यात आणि नंतर लघवीच्या जंतुसंसर्गात होतो. त्यापेक्षा प्रौढांचे डायपर, कॅथेटर वापरणाऱ्यांनी जादा पिशवी, आणि कपड्यांचा एक बदल घ्या.

गेट उघडायच्या आधी पोचा. फिरत्या दांड्यांच्या गेटमधून खुर्ची जाणार नाही. बाजूला बाबागाड्यांसाठीचं फाटक असतं, ते उघडायला सांगा. आत गेल्यावर आधी माहिती कक्ष: रांगेत वेगळी व्यवस्था काय, कोणत्या राइडला मागच्या बाजूने, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेने, प्रवेश आहे, हे विचारून नकाशावर खुणा करून घ्या. बाहेर पडायची वाट बऱ्याचदा सपाट असते, रांगेची वाट जिन्यांची. खुर्ची आहे म्हणजे रांगेशिवाय पुढे सोडलंच पाहिजे असं मात्र नाही. परदेशातल्या मोठ्या पार्कांतही आता खुर्चीवाले शक्य तिथे साध्या रांगेतूनच जातात. बसायची सोय आपल्याकडे आहे, उभे मागचे आहेत.

गर्दीत चालवणं

खरी कसोटी ही. गर्दीतली माणसं आपल्या डोळ्यांच्या उंचीवरच बघतात, आणि अर्धी मोबाइलमध्ये. खुर्चीतला माणूस त्यांच्या कमरेएवढा. त्यामुळे ते अंगावर येतात, मध्येच थांबतात, मागे सरतात. आणि आपल्या पायांच्या लोखंडी पट्ट्या नेमक्या त्यांच्या टाचेच्या उंचीला असतात. ठोकर लागली तर चूक कोणाचीही असो, शिव्या आपल्यालाच.

म्हणून एक माणूस दोन पावलं पुढे, वाट काढणारा. तो उंच असला तर उत्तम. हॉर्न वाजवू नका. पुण्यात हॉर्नचा कान कधीच गेलेला आहे, आणि ज्याचा गेलेला नाही तो मुद्दाम थांबतो. त्यापेक्षा "दादा, जरा वाट द्या हं", "ताई, पाय सांभाळा" असं मोठ्याने म्हणा, लगेच जागा होते. पुढच्या माणसापासून एका हाताचं अंतर ठेवा. रस्त्याच्या मधून चाला, कडेला बाक, कचऱ्याचे डबे आणि सेल्फीवाले असतात.

स्कूटरच्या वेगाच्या चकतीवर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा असतो. गर्दीत कासवच. रांगेत थांबलात की किल्ली बंद करून हातात घ्या. शेजारच्याची पाठपिशवी किंवा एखाद्या उत्साही पोराचा हात स्कूटरच्या वेगाच्या दांडीला लागला की गाडी समोरच्याच्या पोटऱ्यांत जाते. उतरताना-चढतानाही किल्ली बंद. लोक हँडल धरून उठतात आणि अंगठा नेमका त्याच दांडीवर पडतो.

पिशव्या पाठीमागच्या हँडलना लटकवण्याचा मोह सगळ्यांना होतो. खुर्चीतला माणूस उठला की मागचं वजन खुर्चीला उलथवतं, आणि चढावर तर तो बसलेला असतानाही. जड सामान सीटच्या खाली. आणि न विचारता खुर्चीला हात घालणारे परोपकारी लोक भेटतातच. "काका, धन्यवाद, मीच चालवतो," एवढं ठामपणे म्हणायला शिका. बॅटरीच्या खुर्चीला मागून रेटा बसला तर तिचा तोल आपल्या हातात राहत नाही.

परेड किंवा शेवटचा शो संपल्यावर सगळं पार्क एकाच वाटेने फुटतं. शो संपायच्या दहा मिनिटं आधी निघा, नाहीतर भिंतीला टेकून ब्रेक लावा, भेळ खा, आणि लोंढा ओसरू द्या.

राइडमध्ये बसताना

आधी राइड रिकामी फिरताना दोन मिनिटं बघा. सीटची उंची खुर्चीच्या जवळपास आहे का, मध्ये खंदक किती, दांडा कुठून खाली येतो. चढायच्या जागी पायांखाली सरकता पट्टा असेल तर तो थांबवायला सांगता येतो का, तेही विचारा. मग खुर्ची सीटला शक्य तितकी चिकटवून, ब्रेक लावून, पायांच्या पट्ट्या बाजूला करून, खुर्चीचा मधल्या बाजूचा हात काढून सरकायचं. मदत करणाऱ्याने काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. बाहेर येणं आत जाण्यापेक्षा अवघड असतं, कारण सीट खोल असते आणि आपण हललेलो असतो. बाहेर कसं काढणार हे ठरल्याशिवाय आत बसू नका.

इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरवर, जिथे पाय अधांतरी लोंबतात, पायांवर ताबा नसलेल्याने बसू नये. धडावर ताबा नसेल तर झटक्यांच्या राइड सगळ्याच टाळा. अडवताना कर्मचारी एक कारण सांगतात ते खरं आहे: गाडी चढावर मध्येच थांबली तर बाजूच्या लोखंडी जिन्याने चालत उतरावं लागतं. ज्याला ते जमणार नाही त्याला नकार मिळाला तर तो सुरक्षेचा नकार आहे, तिथे वाद घालून दिवस वाया घालवू नये.

गेटवरच 'खुर्ची आत नेता येणार नाही', किंवा रेस्टॉरंटमध्ये 'तुम्ही बाहेर बसा' असं म्हणाले, तर मात्र सोडू नका. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्याचं कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांना अडथळ्याविना वावरता येण्याच्या, नियमांनी बांधतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला सुगम्यतेचे काही निकष बंधनकारक करायला सांगितले, ते याच कायद्यातल्या ढिलाईवर बोट ठेवून. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जवळ ठेवा, आवाज न चढवता व्यवस्थापकाला बोलवा आणि कारण लेखी मागा. लेखी म्हटलं की बरीच दारं उघडतात.

राइडला जाताना खुर्ची बाहेर राहते. किल्ली खिशात, जॉयस्टिक सुटी होत असेल तर तीही, आणि खुर्चीला एक भडक फडकं बांधलेलं. भाड्याच्या सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसतात आणि लोक चुकून नेतात.

वॉटर पार्कात बॅटरीचं काहीही नेऊ नका. साधी खुर्चीही पाण्याच्या कडेपर्यंतच, कारण बेअरिंग गंजतात आणि ओल्या फरशीवर ब्रेक धरत नाहीत.

अंगाकडे लक्ष

ज्यांना कमरेखाली संवेदना नाहीत त्यांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी बूड उचलून किंवा एका बाजूला झुकून दाब मोकळा करायचा. मजेत विसरायला होतं, म्हणून मोबाइलवर गजर लावा. उन्हात उभी राहिलेली खुर्ची तव्यासारखी तापते. रेक्झिनवर बसण्यापूर्वी हात लावून बघा, मांडी जळलेली अशांना कळतच नाही. मधुमेह्यांनी उघड्या चपला घालू नयेत, पाय पट्टीवरून सरकून चाकात जाऊ शकतो. मणक्याला वरच्या भागात दुखापत असलेल्यांच्या अंगाला धड घाम येत नाही, त्यामुळे ताप चढल्यासारखं अंग तापतं. त्यांच्यासाठी पाण्याचा फवारा आणि ओला पंचा हवाच, आणि दुपारी एक ते चार एसीच्या शोमध्ये.

पंक्चर झालं तर घाबरू नका. हवेच्या टायरची मोठी चाकं सायकलच्या धाटणीची असतात, कोणताही सायकलवाला पंक्चर काढून देतो. एक पंप आणि अ‍ॅलन पान्यांचा जुडगा गाडीत असू द्या.

घरी आल्यावर

कितीही दमलात तरी आधी बॅटरी चार्जिंगला. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली तर कायमची मरते, आणि भाड्याची असेल तर अनामतीचा वाद सुरू होतो. दुसऱ्या दिवशी छोट्या चाकांच्या आसात गुंडाळलेले केस, दोरे, फुग्यांचे तुकडे चिमट्याने काढा, ब्रेक आवळून बघा आणि परत करायच्या वाहनाचे दुकानदारासमोर फोटो काढा.

त्याच रात्री आरसा घेऊन माकडहाड, ढुंगण आणि टाचा तपासा, किंवा घरच्यांना तपासायला सांगा. लाल डाग अर्ध्या तासात गेला तर ठीक. तसाच राहिला तर त्या जागेवर दाब येऊ न देता कुशीवर झोपायचं आणि तो डाग जाईपर्यंत खुर्चीत बसायचं नाही. फोड आला किंवा कातडी सोलली तर मलम स्वतःच्या मनाने न लावता डॉक्टरांना दाखवायचं, दुसऱ्याच दिवशी.